अधरपूरची हलकी हवा

अधरपूर खाली चाललंय हे लोकांच्या ध्यानात आलं ते उकाड्यामुळे, आणि ध्यानात आल्याबरोबर सगळ्यांनी मिळून दोष दिला तो हवेला. हवा जुनी झाली, हवा कुबट झाली, हवेत कुणीतरी काहीतरी मिसळलंय. वायुखात्याच्या प्रमुख डॉ. कालिंदी ठोसर हिच्या कानावर हे आलं तेव्हा तिला राग आला नाही. राग बरोबरीच्या माणसाचा येतो. तिला फक्त कीव आली, आणि तीही फार नाही.

अधरपुराला जमीन नव्हती. शुक्राच्या भाजून निघालेल्या पृष्ठभागापासून पन्नासहून अधिक किलोमीटर वर, पिवळट ढगांच्या थरात एक अवाढव्य कापडी फुगा तरंगत होता. गावकरी त्याला नुसतं ‘पोट’ म्हणत. त्या पोटात घरं होती, बागा होत्या, शाळा होती आणि काही हजार माणसं होती. पृथ्वीवर फुगा वर न्यायला हेलियम लागतो, शुक्रावर लागत नाही. तिथलं वातावरण जवळजवळ सगळं कार्बन डायऑक्साइडचं, म्हणजे चांगलंच जड. त्या जड वायूत माणसाची साधी श्वासाची हवा पाण्यातल्या बुचासारखी तरंगते. जी हवा छातीत घ्यायची, तीच गावाला उचलून धरते. अधरपूरकर दिवसभर ती हवा आत घेत, बाहेर सोडत आणि तिच्यावर उभे राहून तिलाच नावं ठेवत.

कालिंदीच्या लेखी गावात दोन प्रकार होते. आपण कशावर तरंगतोय हे ज्यांना कळतं ती माणसं, आणि बाकीचं वजन. पहिल्या प्रकारात तिने स्वतःला धरलं होतं. आणखी कुणाला धरावं यावर तिचं स्वतःशीच बरीच वर्षं एकमत होत नव्हतं.

नगराध्यक्ष तात्यासाहेब रणखांबे तिच्या मते दुसऱ्या प्रकाराचे शिरोमणी होते. देवाने त्यांना बाकी काही देताना हात आखडता घेतला होता, पण आवाज दिला होता. असा खर्जाचा, भरदार आवाज की ‘आज भाजी मिळणार नाही’ असं त्यांनी सांगितलं तरी लोकांना काही मिळाल्यासारखं वाटे. तीन निवडणुका त्यांनी त्या आवाजावर काढल्या. गेल्या वर्षी तो आवाज नीट घुमावा म्हणून त्यांनी एक महासभागृह बांधलं. घुमायला भिंती जाड हव्यात, म्हणून खालच्या डोंगरांवरून खरवडून आणलेल्या धातूच्या हातभर जाडीच्या भिंती ओतल्या. फुग्यात राहणाऱ्या माणसांनी लोखंडी सभागृह बांधलं, आणि उद्घाटनाला टाळ्याही वाजवल्या.

एका सकाळी घाम पुसत तात्यासाहेब तिच्या प्रयोगशाळेत आले.

“ठोसरबाई,” ते म्हणाले आणि कपाटातली काचेची भांडी हलकेच किणकिणली. “हवा जड झाली असं लोक म्हणतात. खरं काय ते सांगा. पण मला समजेल असं.”

“तुम्हाला समजेल असं सांगायचं तर वेळ लागेल. बसा.”

ते बसले. कालिंदीने एक काचेचा गोळा घेतला. बरोबर एक लिटर हवा मावेल एवढा, त्याला वर तोटी. पंप लावून तिने त्यातली हवा काढून घेतली, तोटी बंद केली आणि गोळा काट्यावर ठेवला. मग तोटी उघडली. खोलीतली हवा फुस्स करत आत शिरली. तिने पुन्हा वजन केलं.

“फरक किती आला?” तात्यासाहेबांनी चष्मा पुढे ओढला.

“एक ग्रॅमच्या जरा वर.”

“एवढंच?”

“एवढ्यावर तुमचं सभागृह तरंगतंय. ही झाली घनता, म्हणजे एका लिटरमागे वजन. पण नुसत्या घनतेवरून हवा जड का हलकी ते ठरत नाही. तुम्ही सभा घेता. सभागृहातल्या सगळ्या माणसांचं एकत्र वजन मी काट्यावर घेतलं, तर एक माणूस किती वजनदार हे तुम्हाला कळेल का?”

“माणसं किती ते कळल्याशिवाय कसं कळणार?”

“बरोबर,” कालिंदी म्हणाली. तिला खरोखरच आश्चर्य वाटलं होतं. “आता वायूचे रेणू कोण मोजणार? पण मोजावे लागत नाहीत. रेणू भिंतींवर धडका मारतात, त्याला आपण दाब म्हणतो. धडक कशावर अवलंबून? आत किती रेणू कोंबलेत आणि ते किती धुसफुसतायत यावर. धुसफुस म्हणजे तापमान. दाब आणि तापमान ही दोन्ही मोजली की आत डोकी किती ते निघतं. आणि यातली गंमत अशी, की दाबाला फक्त डोकी दिसतात, त्यांची जात-कूळ दिसत नाही. ऑक्सिजन असो, नायट्रोजन असो, कार्बन डायऑक्साइड असो, तेवढ्याच डोक्यांचा दाब तेवढाच. मग एकूण वजनाला डोक्यांनी भागायचं.”

“म्हणजे एका रेणूचं वजन मिळालं.”

“एक रेणू काट्यावर दिसायचा नाही, म्हणून आम्ही रेणूंचा एक ठरलेला मोठा गठ्ठा धरतो. तुम्ही केळी डझनाने घेता तसं. त्या गठ्ठ्याला मोल म्हणतात, आणि एका मोलच्या वजनाला रेणुभार म्हणू या. घनतेला वायूंच्या स्थिरांकाने गुणा, केल्विनमधल्या तापमानाने गुणा, दाबाने भागा. झालं.”

तिने भिंतीवरचा दाबमापक आणि तापमापक पाहून फळ्यावर गणित मांडलं. उत्तर एकोणतीस पूर्णांक चार आलं.

“आणि असायला किती हवा?”

“एकोणतीस पूर्णांक चार. गाव पहिल्यांदा तरंगलं तेव्हाही हाच होता. बाहेरच्या वातावरणाचा त्रेचाळीसच्या पुढे आहे. ह्या दोहोंतल्या फरकावर आपण जगतो. हवेला काहीही झालेलं नाही, तात्यासाहेब. जड दुसरंच काहीतरी झालंय.”

तिने खिडकीतून दिसणाऱ्या सभागृहाकडे बोट केलं. तात्यासाहेबांनी तिकडे पाहिलं, आणि ते आपलं नसल्यासारखे पुन्हा फळ्याकडे वळले.

“शीतयंत्रं जोरात लावली तर?”

“थंड हवा घट्ट होते. आतली हवा जेवढी थंड कराल तेवढं गाव आणखी खाली जाईल, आणि खाली तर आणखी उकाडा. बाहेर साठ अंश होऊन गेलेत. दर किलोमीटरला दहाएक अंश वाढतात. सत्तरच्या पुढे शिवणींचा डिंक मऊ पडेल. पुढचं सांगायला मी नसेन आणि ऐकायला तुम्ही नसाल.”

“सभागृह पाडायचं?”

“ते गावाच्या कण्यात ओतलंय. पाडायला गेलात तर कणा मोडेल. तुमच्या कंत्राटदाराला काम चांगलं येत होतं.” तिने खडू खाली ठेवला. “वजन कमी होत नसेल तर हवा हलकी करावी. खालून धातू उचलणाऱ्या फुग्यांसाठी आपण हेलियम साठवलाय. ऑक्सिजन आहे तेवढाच ठेवू. बराचसा नायट्रोजन काढून त्याच्या जागी हेलियम सोडू. रेणुभार एकोणीस-विसावर आला की गाव जुन्या उंचीवर परत जाईल. हेलियम विषारी नाही, लोक आरामात जगतील.”

“मग लावा की कामाला! विचारता काय?”

“एक किरकोळ गोष्ट आहे. आवाज बदलेल.”

“कुणाचा?”

“सगळ्यांचाच. हलक्या वायूत ध्वनी जास्त वेगाने जातो. तुमच्या गळ्यातल्या तारा आहेत तशाच थरथरतील, पण घसा आणि तोंड ही जी पोकळी, ती आवाजाला घुमवते, आणि ती पोकळी हलक्या हवेत लहान असल्यासारखी वागते. मोठा घट तेवढाच राहतो, पण वाजतो लोट्यासारखा. आपण सगळे चार वर्षांच्या पोरांसारखे बोलू, इतकंच.”

तात्यासाहेबांनी घशावरून हात फिरवला. मग त्यांनी विचारलं, “हेलियम वेगळ्या पिशवीत नाही का भरता येणार? माणसं खाली, हेलियम वर?”

“एवढं मोठं कापड पृथ्वीवरून यायला दोन वर्षं लागतील. शिवणी दोन महिने तरी टिकतील का, शंका आहे.”

“मग खालच्या मजल्यांवरचे नवे लोक दुसऱ्या तरंगत्या गावी पाठवू. वजन कमी होईल.”

“दीड हजार माणसं?”

“आलीच आहेत नुकती. त्यांची मुळं कुठे रुजलीयत?” त्यांचा आवाज खाली आला, जास्तच खोल झाला. “बाई, गाव नुसतं हवेवर नाही चालत. शब्दाला वजन लागतं.”

कालिंदीला हसू आलं. आपला घसा शाबूत राहावा म्हणून दीड हजार माणसांना घराबाहेर काढू पाहणारा माणूस तिच्यापुढे वजनाच्या गोष्टी करत होता. तिने गोळा पुसून ठेवला आणि म्हणाली, “मग सभेपुढे ठेवू. लोकांना ठरवू दे.”

सभा भरली. सभागृहात उकाड्याने जीव नकोसा झाला होता. तात्यासाहेबांनी तासभर भाषण केलं आणि लोक पंख्याने वारा घेत ते भक्तिभावाने ऐकत राहिले. हेलियमची हवा माणसाची नव्हे, जनावरांची आहे. आपल्या लेकराबाळांनी किड्यामुंगीच्या आवाजात आईला हाक मारायची का? बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मत घेतलं असतं तर गाव एकमुखाने बुडायला तयार झालं असतं.

कालिंदीची पाळी आली तेव्हा तिने भाषण केलं नाही. तिने एक नळकांडं आणि श्वासाचा मुखवटा व्यासपीठावर आणवला.

“यात मी सुचवलेली हवा भरली आहे. ऑक्सिजन पुरेसा आहे, भीतीचं कारण नाही. अध्यक्षांनी स्वतः घेऊन पाहावी, आणि मग ती माणसाची का जनावराची ते सांगावं. का भीती वाटते?”

तिने हे मुद्दाम केलं. हा माणूस नाही म्हणू शकणार नाही हे तिला ठाऊक होतं. तात्यासाहेबांनी मुखवटा लावला, चार-पाच वेळा खोल श्वास घेतला, मुखवटा काढला, हात उंचावला आणि म्हणाले, “माझ्या प्रिय अधरपूरकरांनो!”

खेळण्यातला बाहुला किल्ली दिल्यावर बोलतो तसा तो आवाज होता. मग मागच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळ्या सभागृहात हशा उसळला. त्यांनी “शांत व्हा! शांत व्हा!” म्हणून पाहिलं, आणि लोक बाकांवरून गडगडत खाली पडायचेच काय ते राहिले. ज्या भिंती त्यांचा खर्ज घुमवण्यासाठी ओतल्या होत्या, त्यांनी ती चिवचिव इमानाने कोपऱ्याकोपऱ्यात पोहोचवली. कालिंदी बाजूला उभी राहून पाहत होती. माणसाचा मोठेपणा म्हणजे घशातला वायू आहे हे तिने आधीच ओळखलं होतं. आज ते काट्यावर दाखवता आलं.

ठराव मंजूर झाला.

हेलियम सोडला आणि अधरपूर हळूहळू वर चढू लागलं. बाहेरचा पारा उतरला. घरांत गारवा आला, नको तेवढा आला, कारण हेलियम अंगातली ऊब चटकन ओढून घेतो. कपातला चहा ओठाला लावेपर्यंत निवायचा आणि लोक घरातही शाली पांघरून बसायचे. पण कुरकुर कुणी केली नाही. सगळं गाव हसत होतं. नवरा-बायको भांडायला उभे राहत आणि दोन वाक्यांत पोट धरून बसत. मास्तर रागावले की वर्ग खिदळे. लवकरच एक नवा खेळ निघाला. चेहरा गंभीर करायचा आणि काहीतरी भयंकर बोलायचं. ‘तुझं घर पेटलंय.’ ‘तुझी सासू राहायला येतेय.’ ज्याला आधी हसू येईल तो हरला.

तात्यासाहेबांनी दोन बैठका घेऊन पाहिल्या. दोन्ही हशात बुडाल्या. तिसऱ्या बैठकीआधी त्यांनी राजीनामा लिहून पाठवला, आणि त्यानंतर ते बोलल्याचं कुणी ऐकलं नाही. कालिंदीला त्याचं वाईट वाटलं नाही. तिच्याही सूचना ऐकताना हाताखालचे लोक ओठ चावत, म्हणून ती आता सगळं लिहूनच देई. तिला तेच बरं वाटायचं. बोलावं अशी माणसं मुळात होतीच कुठे?

हेलियमचा एक दोष मात्र तिला माहीत होता. त्याचे अणू इतके बारीक, की जिथून नायट्रोजन जाणार नाही तिथून ते निसटतात. त्यामुळे पोटाच्या शिवणी पूर्वी वर्षातून एकदा लिंपायच्या, त्या आता सतत लिंपाव्या लागत. शिवणकरी मुखवटे घालून, बाहेर दोरांवर लोंबकळत, आम्लाच्या धुक्यात डिंक भरत राहत. त्यांत रेवण चौगुले म्हणून एक होता. हसरा, अंगाने चपळ, दोन पाळ्या करणारा. एका दुपारी त्याच्या दोराचा हूक तुटला. बरोबरच्यांनी त्याला ढगात जाताना पाहिलं. खाली पन्नास किलोमीटर होते. हाती काही लागण्याचा प्रश्नच नव्हता.

अशी बातमी घरी सांगायची रीत अधरपुरात ठरलेली होती. ते काम नगराध्यक्षांचं. तात्यासाहेब स्वतः जात, दारात उभे राहून नाव घेत, दोन वाक्यं बोलत, आणि माणसाला ते खरं आहे हे पटे. कालिंदीने त्याला नेहमी नाटक म्हटलं होतं. तरीही ती त्यांच्या दाराशी गेली.

तात्यासाहेबांनी दार उघडलं. ते वाळले होते. तिने कागदावर लिहून आणलेलं त्यांनी वाचलं आणि डोळे मिटले. मग कित्येक आठवड्यांनी तोंड उघडलं.

“माझ्याने आता व्हायचं नाही,” त्या चिमण्या आवाजात ते म्हणाले. “मी दारात उभा राहिलो की लोक हसतात. तुम्ही हसवलंत, आता तुम्हीच सांगा.”

कालिंदीने त्याही क्षणी मनात म्हटलं, अजून मानापमानातच अडकलाय. आणि ती निघाली.

रेवणची बायको सुगंधा सामायिक स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. आसपास सात-आठ बायका. कालिंदीला पाहून सगळ्या सावरून उभ्या राहिल्या. बातमी लिहून द्यावी की काय, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण नवरा मेल्याचं चिठोऱ्यावर कळवणं तिलाही पटेना.

“सुगंधा, रेवण दोरावरून पडला. तो गेला.”

सुगंधाने तिच्याकडे पाहिलं. कालिंदीचा गंभीर चेहरा आणि त्यातून निघालेला तो बाहुलीचा आवाज. सुगंधाच्या गालावर खळी पडली.

“मॅडम, तुम्हीसुद्धा खेळायला लागलात!” ती म्हणाली, आणि सगळ्याजणींना हसू फुटलं.

“खेळ नाही. खरंच सांगतेय. हूक तुटला.”

ते आणखी मजेशीर वाटलं. एकीने डोळे पुसले, दुसरी भिंतीला टेकली. कालिंदीने तिसऱ्यांदा सांगितलं, मोठ्याने, आणि जितकं मोठ्याने सांगितलं तितका आवाज आणखी चिरका निघाला. शेवटी ती बोलायची थांबली आणि नुसती उभी राहिली. सुगंधाचं हसू हळूहळू ओसरलं. पिठाचे हात तसेच हवेत राहिले. तिने कालिंदीच्या चेहऱ्यावरून ते वाचलं, आणि तिच्या तोंडून किंकाळी फुटली.

ती किंकाळी पिपाणीसारखी होती. मागच्या बायकांना सुगंधाचा चेहरा दिसत नव्हता. त्यांनी नुसता आवाज ऐकला आणि पुन्हा हसू आवरेना. आणि कालिंदीच्या, सगळं समोर पाहणाऱ्या कालिंदीच्या ओठाचा कोपरा आपोआप वर गेला. तिने तो दाताखाली धरला. रक्त आलं.

सुगंधाने स्वतःचा आवाज ऐकला. ती मध्येच थांबली, दोन्ही हातांनी तिने तोंड दाबून धरलं, आणि ती रडलीच नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. शोकसभेला लोक आले, पण बोलायला कुणी उठेना. खाली माना घालून सगळे बसून राहिले, कारण कुणी एक हुंदका दिला असता तर पुढे काय झालं असतं हे प्रत्येकाला कळत होतं.

दोन आठवड्यांनी सुगंधा प्रयोगशाळेत आली. डोळे कोरडे, चेहरा सुजलेला. ती दारातच उभी राहिली.

“मॅडम, मला ते अजून खरं वाटत नाही. कुणीतरी चेष्टा केल्यासारखं वाटतं. रोज वाटतं, संध्याकाळी येईल. तुम्ही जुन्या आवाजात एकदा सांगाल का?”

आयुष्यात पहिल्यांदा कालिंदीला प्रश्नाचं उत्तर देताना समोरचा अडाणी वाटला नाही. उपकरणं तपासण्यासाठी शाळेमागे एक काचेची हवाबंद खोली होती, चार माणसं जेमतेम मावतील एवढी. दुपारभर खपून तिने त्यातला हेलियम काढला आणि साठ्यातला नायट्रोजन भरला. गोळा घेऊन हवा तोलली, दाब पाहिला, तापमान पाहिलं. एकोणतीस पूर्णांक चार. मग दोघी आत जाऊन बसल्या आणि दार लावलं. काही वेळ नुसता श्वास घेत राहिल्या. छातीतला हेलियम निघून जायला वेळ द्यावा लागतो.

“आता सांगा,” सुगंधा म्हणाली. तिचा आवाज मूळचा जाडसर होता. कालिंदी तो पहिल्यांदाच ऐकत होती.

कालिंदीने घसा साफ केला. “हुकाचा धातू थकलेला होता. हेलियम निसटतो, त्यामुळे शिवणी वारंवार लिंपाव्या लागतात, म्हणून दोरांवर ताण येतो. रेवण बाहेर असताना तो तुटला. म्हणजे असं बघ, की धातूवर पुन्हा पुन्हा भार पडला…”

तिला तिचा आवाज ऐकू आला. कित्येक आठवड्यांनी, स्वच्छ. तो फळ्यापुढचा आवाज होता. तात्यासाहेबांना, सभेला, गावातल्या झाडून साऱ्या माणसांना तिने ज्या आवाजात सांगितलं होतं, तो.

“असं नका सांगू,” सुगंधा म्हणाली. “अडाण्याला समजावल्यासारखं.”

“रेवण मेला,” कालिंदी म्हणाली. आकडा वाचून दाखवावा तसं ते निघालं. सुगंधाने मान हलवली आणि वाट पाहत राहिली.

कालिंदीने पुन्हा तोंड उघडलं. आता हेलियमचा दोष नव्हता. हवा अचूक होती, ती तिने स्वतः तोलली होती. पण दुसरा कुठला सूर तिच्यापाशी नव्हताच. तिने आठवून पाहिलं. कुणाशी तरी, कधीतरी, ती वेगळी बोलली असेल. काही सापडेना. तात्यासाहेब दारात उभे राहून कसे बोलत, तेही आठवेना, कारण तिने ते कधी ऐकूनच घेतलं नव्हतं.

“सुगंधा,” ती म्हणाली, “मला सांगता येत नाही गं.”

तिचा आवाज मध्येच चिरला. सुगंधाने चमकून वर पाहिलं, आणि तिला जे ऐकायचं होतं ते तिला ऐकू आलं. ती पुढे झुकली, कालिंदीच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि रडली. मोठ्याने, खोल, पोटातून, माणसासारखी. त्या आवाजाने काच थरथरली. बाहेर शाळेच्या ओट्यावर पोरं खेळत होती. ती थांबली आणि घाबरून काचेकडे पाहू लागली. त्यांतली धाकटी एक, जिने हवा बदलल्यानंतर बोलायला सुरुवात केली होती, ती कानांवर हात ठेवून पळत सुटली. मोठ्या माणसाचं असं रडणं तिने कधी ऐकलंच नव्हतं.

बऱ्याच वेळाने सुगंधा उठून बसली. तिने पदराने तोंड पुसलं.

“सासूबाईंना घेऊन येते,” ती म्हणाली. “त्या अजून त्याचं ताट वाढायला लावतात. मी सांगितलं तर हसतात, म्हणतात पुरे कर हा खेळ. त्यांना पण इथंच सांगा. मला नाही जमायचं.”

ती निघाली. दार उघडताच आत हेलियम शिरेल, म्हणून कालिंदीने आतल्या आणि बाहेरच्या दारामधल्या झडपेचं चाक फिरवलं. काचेपलीकडे आणखी कोणी कोणी येऊन उभे राहिले होते. दोन भाऊ, एकमेकांकडे न बघणारे. गर्भार मुलगी आणि तिची आई. आणि सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून, तात्यासाहेब. अख्ख्या अधरपुरात खरं बोलावं आणि ते खरं वाटावं अशी एवढीच जागा उरली होती, चार माणसांपुरती.

ह्या खोलीतली जड हवा गावाला थोडी खाली ओढत असणार. किती, ते कालिंदी सहज काढू शकली असती. तिने काढलं नाही. ती दाराकडे तोंड करून बसली आणि म्हाताऱ्या बाईला पहिला शब्द काय म्हणायचा याचा विचार करू लागली.